‘लिंक गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

“भाऊ, लिंक हाये का?”

केंद्राचं शटर पुरतं वर जायच्या आधीच हा प्रश्न येतो. लिंक म्हणजे आमच्या बोलीत इंटरनेटची जोडणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, अंगठ्यावर पैसे काढणं, अशी सगळी कामं तिथे होतात. लिंक असली तर माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो. नसली तर मला “उद्या या” म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना जड जातं. निंदणाच्या दिवसांत उद्या येणं म्हणजे एका बाईची दिवसभराची मजुरी बुडणं.

आधी मीही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, सर्व्हर डाऊन आहे. एकदा एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “गेली म्हणतं, पण कुठून गेली? गावातून गेली का मुंबईतून?” मला सांगता आलं नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. विहिरीवरची मोटर चालू होत नाही तेव्हा आपण ‘लाईन गेली’ एवढ्यावर थांबत नाही. फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, शेजारच्या वावरातली मोटर चालू आहे का ते पाहतो, मग डीपीकडे जातो. नेटवर्कचेही असेच तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याचं काम वेगळं, बिघडण्याची तऱ्हा वेगळी. त्या काकांना तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

आधी घरातलं जाळं

दोन किंवा जास्त यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील अशी जोडणी म्हणजे नेटवर्क. त्यात इंटरनेट असलंच पाहिजे असं नाही, आणि गावात सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. माझ्याकडे तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आहे. चारही यंत्रं एका राउटरला, म्हणजे माहिती इकडून तिकडे पोचवणाऱ्या डब्याला, जोडलेली आहेत. बाहेरची लाईन पूर्ण बंद असली तरी कोणत्याही कॉम्प्युटरवरून दिलेली प्रिंट त्याच प्रिंटरवर निघते. तीन प्रिंटर घ्यावे लागले नाहीत. एका छताखालच्या किंवा एका आवारातल्या अशा जोडणीला लॅन म्हणतात. तांब्याच्या केबलने जोडायचं असेल तर एक केबल साधारण १०० मीटरपर्यंतच नेता येते. त्यापुढे मध्ये स्विच बसवावा लागतो. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, केबली एकमेकींना जोडणारा डबा.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर होते, पण नेट नाही म्हणून ते झाकून ठेवलेले असायचे. एका सुटीच्या दिवशी गुरुजींनी आणि मी मिळून ते केबलने जोडले. एका कॉम्प्युटरवर धडे, नकाशे, व्हिडिओ भरून ठेवले. आता बाकीच्या कॉम्प्युटरवर मुलं तेच उघडतात. ज्या शाळेत कॉम्प्युटर धूळ खात पडले असतील, तिथल्या गुरुजींनी हे जरूर करून पाहावं. खर्च फक्त केबल आणि स्विचचा.

अशी लाखो छोटी जाळी एकमेकांना जोडली की इंटरनेट होतं. ते कोण्या एका कंपनीचं नाही, की एका जागी ठेवलेलंही नाही. भारतात सामान्य माणसासाठी ते १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं.

सातबारा निघतो तेव्हा

समजा तुम्ही गट नंबर सांगितला आणि मी बटण दाबलं. ही मागणी कॉम्प्युटरवरून राउटरमध्ये जाते. तिथून भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात, मग खांबाखांबावरून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, पुढे नागपूर-मुंबईसारख्या मोठ्या नाक्यांवरून जिथे महसूल खात्याच्या नोंदी ठेवलेल्या आहेत त्या सर्व्हरपर्यंत. सर्व्हर हाही कॉम्प्युटरच असतो. कोणी मागितलं की काढून द्यायचं, हे त्याचं काम. उत्तर परत येतं आणि माझ्या पडद्यावर तुमचा सातबारा उघडतो.

पण तो सातबारा अख्खा येत नाही. नेटवर्कमधली सर्वांत हुशारीची गोष्ट ती हीच.

घरी ४० कट्टे तूर झाली आणि ती बाजार समितीत न्यायची आहे असं समजा. एक मोठा ट्रक मिळेपर्यंत थांबायचं, की प्रत्येक कट्ट्यावर नंबर टाकून ज्या गाडीत जागा असेल तिच्यात चढवत राहायचं? दुसऱ्या पद्धतीत काही कट्टे एका रस्त्याने जातील, काही दुसऱ्या. ३१ नंबरचा आधी पोचेल आणि ४ नंबरचा मागून येईल. बाजारात उभा असलेला धाकटा भाऊ नंबर पाहून ते ओळीने लावेल. १७ नंबरचा आला नाही तर फोन करून सांगेल, “दादा, सतरा नंबर पुन्हा पाठव.” नेटवर्कमध्ये माहिती अशीच जाते. त्या प्रत्येक कट्ट्याला पॅकेट म्हणतात. एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे मोबाइलवर काढलेला ३ एमबीचा, सुमारे ३० लाख बाइटचा, फोटो पाठवताना त्याचे सुमारे दोन हजार तुकडे होतात. तुरीचा हरवलेला कट्टा परत मिळत नाही. माहितीची मात्र मूळ प्रत घरीच असते, म्हणून तोच तुकडा पुन्हा पाठवता येतो.

जुन्या ट्रंक कॉलमध्ये दोघं बोलत असेपर्यंत मधली अख्खी लाईन त्यांच्यासाठी अडून राहायची. पॅकेटमुळे एकाच तारेवरून हजारोंचं काम एकमेकांत मिसळून चालतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस, दोघांनी वेगवेगळं काम करत ही कल्पना मांडली. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. बॅरन यांच्यासमोर प्रश्न होता की हल्ल्यात काही ठाणी उद्ध्वस्त झाली तरी निरोप कसा पोचेल. त्यांचं उत्तर होतं, प्रत्येक ठाण्याला एकाहून जास्त रस्ते द्या आणि निरोपाला स्वतःची वाट शोधू द्या. हे उत्तर लक्षात ठेवा. आमच्या गावाचं दुखणं नेमकं इथेच आहे.

२९ ऑक्टोबर १९६९ ला कॅलिफोर्नियात, पाचशेहून जास्त किलोमीटर अंतरावरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये अर्पानेट नावाच्या जाळ्यावरून पहिला निरोप गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. केंद्रात लिंक मध्येच तुटते तेव्हा मला तो दिवस हमखास आठवतो.

आता पॅकेटला वाट कशी कळते? प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. पिनकोडचं उदाहरण घ्या. मुंबईत टपाल वेगळं करणाऱ्या माणसाला आमचं गाव माहीत असायची गरज नाही. सुरुवातीला ४४५ दिसलं की पत्र यवतमाळच्या थैलीत टाकायचं, बाकीचं पुढचे पाहतील. राउटर हेच करतात. पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहून पॅकेट पुढच्या नाक्यावर ढकलतात. संपूर्ण रस्ता कोणत्याच एका राउटरला ठाऊक नसतो. आकड्यांचे पत्ते माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण वेबसाइटचं नाव टाकतो आणि डीएनएस नावाची यंत्रणा त्या नावाचा आकडा शोधून देते.

हे बिघडलं तर काय होतं ते ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री साऱ्या जगाने पाहिलं. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. कंपनीच्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्यांच्या पत्त्यांपर्यंत जाणारे रस्तेच राउटरांच्या नकाशातून पुसले गेले. लोकांचे फोन ठीक होते, टॉवर ठीक होते. तरी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण फोन दुरुस्तीला घेऊन आले.

तार, काच आणि हवा

गावापर्यंत येणारी जोडणी तीन प्रकारची असते. तांब्याच्या तारेतून वीज जाते, फायबरमधून प्रकाश जातो, आणि टॉवर किंवा वाय-फायपासून रेडिओ लहरी हवेतून येतात.

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यात प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे आमच्यापासून मुंबईला पोचायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग चार-पाच वेळा घेतला एवढाच वेळ लागतो. काचेतून वीज वाहत नाही. आमच्याकडे मृगाच्या विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या तारेवरून झटका घरात शिरतो आणि राउटर जळतो. काचेच्या धाग्यावरून तो येत नाही. पण डब्याचा ॲडॉप्टर विजेच्या बोर्डालाच लावलेला असतो. गडगडाट ऐकला की तो काढून ठेवा.

फायबर तुटतो मात्र फार. रस्ता रुंद करणारा जेसीबी, नालीचं खोदकाम, उन्हाळ्यात धुरे पेटवले की खांबावरची जळालेली केबल. तुटलेला धागा गाठ मारून जोडता येत नाही. दोन्ही टोकं साफ कापून, यंत्रात समोरासमोर धरून, वितळवून एकजीव करावी लागतात. तुटलं कुठे हे शोधायलाही यंत्र असतं. ते धाग्यात प्रकाश सोडतं, तुटक्या जागेवरून थोडा प्रकाश परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. दुरुस्तीला आलेल्या पोराने एकदा मला दाखवलं. गावापासून सहा किलोमीटरवर, नाल्याच्या पुलाजवळ. गेलो तर तिथेच केबल लोंबकळत होती. विहिरीला पाणी कुठे लागेल हे कोणी इतकं अचूक सांगितलं असतं तर आमच्या अर्ध्या गावाचं कर्ज वाचलं असतं.

मोबाइलबद्दल एक तक्रार रोज ऐकतो, “टॉवर फुल हाये, तरी नेट काहून चालत नाई?” वरच्या दांड्या फक्त तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला संबंध दाखवतात. टॉवरच्या मागचा रस्ता तुटला असेल किंवा गच्च भरला असेल, तर दांड्या पूर्ण असूनही काही उघडणार नाही. शिवाय एका टॉवरची क्षमता त्याच्या भागातल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते. रात्री जेवणं आटोपली की सगळं गाव एकदम व्हिडिओ लावून बसतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. अर्ज भरायचा असेल तर पहाटे भरा, हे मी पोरींना नेहमी सांगतो.

फायदा आणि तोटा एकाच तारेवरून येतात

नेटवर्कने गावाला काय दिलं हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. तलाठ्याकडे तीन-चार गावं असत. ते आज इथे, उद्या तिथे. एका उताऱ्यासाठी माणूस तीन खेपा घालायचा. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कुठूनही काढता येतो. नोंद एकाच जागी आहे, ती बदलली की सगळीकडे बदललेली दिसते. दिल्लीत शिकणारं पोर घरी आईशी बोलताना तिचा चेहरा पाहतं. कापूस गाडीत भरायच्या आधी चार बाजारांचे भाव कळतात, आणि व्यापाऱ्यासमोर शेतकरी जरा ताठ मानेने उभा राहतो. एवढ्या कमी पैशात एवढं अंतर मिटवणारी गोष्ट मी तरी दुसरी पाहिली नाही.

पण सगळं एका तारेला बांधलं की तार तुटल्यावर सगळंच थांबतं. पूर्वी तलाठी नसला तरी बँक चालू असायची, बँक बंद असली तरी रेशन मिळायचं. आता एक केबल तुटली की दाखला, पैसे आणि धान्य एकदम अडतं. सर्वांत जास्त सोसतात ती थकलेली माणसं. आयुष्यभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्या अंगठ्याचा ठसा मशीन आधीच नीट घेत नाही, त्यात लिंक मध्येच जाते. एक आजी माझ्याकडे तीन दिवस येत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “माया अंगठाच खोटा झाला काय रे बाबू?” अंगठा खरा होता. खोट यंत्रणेत होती, आणि दोषी असल्यासारखी मान खाली घालत होती ती आजी.

अंगठ्यावर पैसे काढताना घडणारी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमची मागणी बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचते, खात्यातून रक्कम वजा होते, आणि ‘झालं’ हा निरोप परत येताना वाटेत लिंक तुटते. खात्यात कमी झालेले पैसे माझ्या मशीनला दिसत नाहीत, म्हणून मी ते देऊ शकत नाही. लोकांना वाटतं केंद्रवाल्याने खाल्ले. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा अंगठा लावू नका. आधी खात्यातली शिल्लक पाहा आणि फसलेल्या व्यवहाराची पावती मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम मी छापून भिंतीवर लावला आहे.

दुसरा तोटा संसर्गाचा. जोडलेल्या यंत्रांमध्ये रोगही जोडणीवरूनच पसरतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. कोणी काही न उघडताही तो एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता, कारण त्या यंत्रांवर आधीच आलेली दुरुस्ती भरलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात तशाच एका हल्ल्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं. माझ्याकडे तर एका पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस एका दुपारीत तिन्ही कॉम्प्युटरवर गेला, कारण तिघांचं एक सामाईक फोल्डर होतं. दहावीच्या पोरांचे भरलेले अर्ज पुन्हा भरावे लागले. तेव्हापासून अपडेट टाळत नाही, आणि दर शनिवारी सगळ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क जाळ्यातून काढून ठेवतो. जोडलेली नसलेली प्रत व्हायरसला सापडत नाही.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. ‘तुमचा हप्ता अडला आहे, हे ॲप टाका’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि सोबत फाइल असली, तर ती उघडू नका. त्या फाइलमधून तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. चूक झालीच तर लाजून घरी बसू नका. त्याच घडीला १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आधी ते अडवता येतात, म्हणून पहिल्या तासाला मोल आहे. केंद्रवाल्यांनाही सांगतो, लोकांच्या आधारच्या प्रती काम झाल्यावर कॉम्प्युटरवर ठेवू नका. ती आपली मालमत्ता नाही.

तर गेली कुठून?

आता काकांचा प्रश्न. लिंक गेली की मी क्रमाने पाहतो. प्रिंटर चालतो का? चालला तर घरातलं जाळं ठीक. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो आहे का? असेल तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे केबल तुटली किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. दिवे हिरवे आहेत पण काहीच उघडत नाही, तर तालुक्याच्या पुढे कुठेतरी घोळ आहे. बाकी सगळं उघडतं आणि फक्त एकच सरकारी साइट उघडत नाही, तर मोबाइलवर दुसऱ्या कंपनीच्या नेटने ती उघडून पाहतो. तिथेही नाही, तेव्हा कुठे म्हणायचं की सर्व्हर डाऊन आहे. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला ते खरंच होतं, कारण राज्यभरातली गर्दी एकाच दारावर येते.

गेल्या पावसाळ्यापासून मी हे एका वहीत लिहितो. तारीख, वेळ, कोणता दिवा, किती वेळ बंद, किती माणसं परत गेली. वहीतल्या बहुतेक नोंदी एकाच तुकड्याच्या निघाल्या, तालुका ते गाव. सर्व्हर क्वचितच. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या वाटा एकमेकींना पर्यायी असतात, एक तुटली की पॅकेट दुसरीकडून वळतं. आमचं गाव मात्र एका फांदीच्या टोकाला आहे. बॅरन यांनी साठ वर्षांपूर्वी सांगितलेला दुसरा रस्ता आमच्यापर्यंत आलाच नाही.

हे अशक्य नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा प्रकल्प, मंजूर केला, त्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंतच्या सरळ फांद्यांऐवजी कड्याची रचना ठरवली आहे. कडं म्हणजे गोल. एका जागी तुटलं तरी उलट्या बाजूने वाट उरते. आमच्या पलीकडचं गाव नाल्यापल्याड चार किलोमीटरवर आहे आणि त्याची केबल दुसऱ्या बाजूने येते. ही दोन टोकं जोडली की कडं पुरं होतं.

मागच्या ग्रामसभेत मी ती वही नेली. वाचून दाखवली तेव्हा मागच्या रांगेतून ते काका उठले आणि म्हणाले, “म्हणजे मुंबईतून नाई गेली. पुलापाशी गेली.” मग ठराव लिहायला घेतला: पलीकडच्या गावापर्यंतच्या चार किलोमीटर केबलची मागणी, सोबत वहीच्या पानांच्या प्रती.